रेनचेक आलेल्यालाच मिळतो

मराठी ग्रुपांवर गेले काही दिवस एक वाद पेटलेला आहे. विषय म्हटला तर किरकोळ. पुण्यामुंबईतली तरुण मंडळी आमंत्रणाला उत्तर म्हणून 'रेनचेक' हा शब्द वापरायला लागली आहेत. मावशीनं मंगळागौरीला बोलावलं तर "मावशी, या वेळी रेनचेक घेते हं", ऑफिसातल्या मित्रानं शुक्रवारी बसायला बोलावलं तर "रेनचेक यार". यावर एका पक्षाचं म्हणणं असं की, हा अमेरिकेहून आलेला साखरपेरा खोटेपणा आहे. यायचं नसेल तर तोंडावर सांगावं. मराठी माणूस सडेतोड, त्याला असलं गुळमुळीत बोलणं शोभत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, कुणाचं मन न मोडता 'नाही' म्हणायची सोय झाली तर बिघडलं काय? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून पहिल्या पक्षाचा आवाज अंमळ चढलेला आहे. गंमत म्हणजे एका मुद्द्यावर दोघांचंही एकमत आहे: रेनचेक म्हणजे गोड शब्दांत दिलेला नकार.

इथे शिकागोच्या बाजूला बसून हे वाचताना चिडचिड होते ती नेमकी या एकमताची. रेनचेक हा नकार कधीच नव्हता. ते येणं होतं, छापील अटींसह वसूल करायचं येणं. आणि मराठी माणसाच्या सडेतोडपणाबद्दल तर बोलायलाच नको. "बघू", "जमवतो", "एकदा निवांत येऊन जाऊ" ही वाक्यं आयुष्यभर ऐकून मोठ्या झालेल्या समाजानं गुळमुळीतपणा परदेशातून आयात झाल्याचा कांगावा करावा, हे फारच झालं.

शब्द बेसबॉलमधला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतला. त्या काळी मैदानाच्या खिडकीवर पुठ्ठ्याचं जाड तिकीट मिळायचं. आत जाताना ते दारावरच्या पेटीत टाकायचं आणि क्लबानं तीच तिकिटं दुसऱ्या दिवशी पुन्हा विकायची. छपाईचा खर्च वाचायचा. गोची व्हायची ती पावसात. सामना मध्येच सोडून द्यावा लागला की लोकांना पुढच्या सामन्याचं तिकीट देणं भाग पडायचं. पण बाहेर पडणाऱ्यांपैकी पैसे कुणी भरले होते हे ओळखायचं कसं? तिकीट तर पेटीत गेलेलं. कुंपणावरून उडी मारून आलेली पोरं, फुकट पासवाले, शहरातल्या बड्या लोकांची मित्रमंडळी, सगळेच हात पुढे करून उभे. समजा, विकली हजार तिकिटं, तर परत न्यायला दीड हजार माणसं.

यावर उपाय निघाला तो असा की तिकिटालाच छिद्रांची ओळ पाडून एक तुकडा जोडायचा. मोठा भाग दारावर जमा होणार, तुकडा प्रेक्षकाच्या खिशात राहणार. याचं श्रेय बहुतेक वेळा न्यू ऑर्लीन्स पेलिकन्स या संघाचा खेळाडू आणि व्यवस्थापक ॲब्नर पॉवेल याला दिलं जातं. मैदानावर ताडपत्री अंथरायची कल्पनाही त्याच्याच नावावर सांगतात. न्यू ऑर्लीन्सचा पाऊस पाहता श्रेय तिकडे जाणं साहजिक आहे. पण पॉवेल तिथे पोचला १८८७ मध्ये, आणि सेंट लुईसच्या वर्तमानपत्रात हा शब्द १८८४ मध्येच छापून आलेला आहे. तेव्हा पॉवेलनं ही युक्ती शोधली नसावी, ती नीट बसवली असावी. १८९० मध्ये नॅशनल लीग या बेसबॉलच्या बड्या संघटनेनं ही पद्धत थेट आपल्या घटनेतच घातली.

त्या तुकड्यावर मोजकाच मजकूर असे. कुठला सामना, कुठला विभाग, आणि ठरलेले डाव झाले नाहीत तर हा तुकडा दुसऱ्या सामन्याला चालेल, एवढी अट. तुकडा हरवला की हक्क गेला. "मी आलो होतो हो, शपथ घेऊन सांगतो" याला खिडकीवर किंमत नव्हती. फुकट पासावर आलेल्यालाही काही मिळायचं नाही, कारण त्याचे पैसे बुडालेलेच नव्हते. आमंत्रण टाळायची युक्ती म्हणून आज ज्याची चेष्टा चालली आहे, ती वस्तू मुळात इतकी रोखठोक होती.

आता ती 'ठरलेल्या डावां'ची अट, कारण सगळी मेख तिथेच आहे. बेसबॉलचा सामना नऊ इनिंगांचा. प्रत्येक इनिंगचे दोन अर्धे, आधी पाहुणा संघ फलंदाजी करतो, मग यजमान. एका अर्ध्यात तीन गडी बाद. पाच इनिंग पूर्ण झाल्या की सामना झाला असं धरतात. त्यानंतर पावसानं गाशा गुंडाळावा लागला तर त्या वेळी पुढे असलेला संघ जिंकला. यजमान पुढे असेल तर साडेचारच इनिंग पुरतात. पाहुण्यांचे पंधरा गडी बाद झालेले असतात आणि आघाडीवर असलेल्या यजमानाला पाचव्यांदा फलंदाजी करायचं कारणच उरत नाही. जुन्या तिकिटांवर साडेचार हा विचित्र आकडा दिसतो तो यामुळे. पाऊस त्या रेषेच्या अलीकडे आला तर हातातला तुकडा चालतो, पलीकडे आला तर तो रद्दी. निम्माच खेळ बघायला मिळाला म्हणून निम्मे पैसे परत, असली घासाघीस नाही.

या रेषेमुळे मैदानावर भलतीच नाटकं चालतात. ढग भरून आलेत, चौथी इनिंग चालू आहे, यजमान तीन धावांनी पुढे. अशा वेळी यजमानांचे फलंदाज पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवून मोकळे होतात, लवकर बाद झाले तरी त्यांना हवंच असतं. मागे पडलेल्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो. फलंदाजामागे चेंडू झेलायला बसलेला कॅचर उगाच त्याच्याकडे चालत जातो, दोघं तोंडासमोर ग्लव्ह धरून गुजगोष्टी करतात. नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. सामना मुद्दाम रेंगाळत ठेवणाऱ्या किंवा मुद्दाम उरकणाऱ्या संघाला पंच सरळ हरलेला ठरवू शकतो, असं कलमच नियमावलीत आहे.

आणि थांबवायचं कुणी? खेळ सुरू करायचा की नाही हे यजमान क्लब ठरवतो. पण दोन्ही संघांच्या फलंदाजीच्या याद्या पंचाच्या हाती पडल्या की पावसाचा निर्णय त्याच्याकडे जातो. त्यानंही खेळ थांबवल्यापासून किमान तीस मिनिटं वाट पाहिल्याशिवाय सामना रद्द करायचा नाही. कारण उघड आहे. तिकिटाचे पैसे यजमानाच्या गल्ल्यात आलेले असतात, आणि रेषा ओलांडेपर्यंत ते उसने असतात. ज्याच्यावर देणं आहे त्यालाच देणं लागू होतं की नाही हे ठरवू द्यायचं नाही, एवढा साधा विचार. आपल्याकडच्या किती तिकिटांवर, किती पावत्यांवर, किती बिल्डरांच्या करारांवर हा विचार दिसतो, ते वाद घालणाऱ्यांनी मोजून पाहावं.

त्या तीस मिनिटांत मैदानावर जे चालतं ते बघण्यासारखं असतं. साधारण १७० फूट लांब आणि तितकीच रुंद ताडपत्री एका मोठ्या नळकांड्यावर गुंडाळून कडेला ठेवलेली असते. पंधरा-वीस माणसं नळकांडं ढकलत आणतात, मग कड धरून धावत सुटतात. पुढची कड जमिनीलगत राहिली नाही तर वारा आत शिरतो, ताडपत्री फुगते आणि धरणारा माणूस तिच्यासकट उचलला जातो. पाणी साचलं की तीच ताडपत्री ओढताना दुप्पट जड होते, आणि चुकीच्या बाजूला रिकामी केली तर सगळं पाणी सुक्या गवतावर. सेंट लुईसला १३ ऑक्टोबर १९८५ रोजी तर कहर झाला. तिथे ताडपत्री यंत्रानं उलगडायची. त्या हंगामात ११० बेस चोरणारा, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळत पुढचा टप्पा गाठणारा विन्स कोलमन, म्हणजे त्या खेळातला सर्वांत चपळ पायांचा माणूस, त्या संथ यंत्राला पाठ करून उभा होता. पाय खाली सापडला. उरलेले सगळे सामने, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेसकट, त्याला बाहेर बसून बघावे लागले.

यावर घरचे लोक म्हणतील, पाऊस तुम्ही आम्हाला शिकवू नका. मान्य. पावसाचं गणित क्रिकेटवाल्यांनी बेसबॉलवाल्यांपेक्षा कितीतरी खोलात जाऊन मांडलं. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीच्या फलकावर दक्षिण आफ्रिकेला एका चेंडूत २२ धावा हव्यात असं झळकलं आणि जगाला कळलं की जुनी पद्धत मोडकी आहे. १९९७ पासून डकवर्थ-लुईस आली. केरळच्या व्ही. जयदेवन यांनी तिला पर्यायी पद्धत काढली. शिल्लक षटकं, शिल्लक गडी, सगळ्याची कोष्टकं तयार झाली. पण ही सगळी बुद्धी कुणासाठी खर्च झाली? मैदानात असलेल्या बावीस जणांसाठी. बेसबॉलनं धावसंख्येला हातसुद्धा लावला नाही, जो फलक असेल तो असेल. त्यानं डोकं चालवलं ते वर बसलेल्या, पैसे भरलेल्या माणसासाठी.

आयपीएलमध्ये साधारण अट अशी असते की एकही चेंडू न पडता सामना रद्द झाला तरच पैसे परत. १७ मे २०२५ ला बंगळुरूत नाणेफेकसुद्धा होऊ शकली नाही, तेव्हा यजमान संघानं तिकिटाचे पैसे परत दिले. तेच एखादं षटक टाकून सामना वाहून गेला असता तर? इंग्लंडमध्ये किती षटकं झाली त्यावर पूर्ण की अर्धे परत हे ठरतं, म्हणजे मधली पायरी आहे. आपल्याकडे एका चेंडूची रेषा आहे, अमेरिकेत साडेचार इनिंगांची. प्रेक्षकाच्या बाजूनं कुठली बरी, हे सांगायला जयदेवन यांची कोष्टकं लागत नाहीत.

खऱ्या अर्थाचा रेनचेक भारतात दिसला तो अहमदाबादला. २८ मे २०२३ ची आयपीएलची अंतिम लढत पावसानं राखीव दिवसावर ढकलली, आणि आजची छापील तिकिटं उद्या चालतील, जपून ठेवा, असं जाहीर झालं. चेन्नईचे पिवळे शर्ट घातलेले लोक रात्री रेल्वे स्टेशनवर झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस. चेन्नईला पंधरा षटकांत १७१ असं नवं लक्ष्य मिळालं आणि ३० तारीख उजाडल्यावर, मध्यरात्रीनंतर, जडेजानं शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार आणि चौकार मारून सामना जिंकून दिला. स्टेशनवर झोपलेल्या माणसाच्या खिशातलं ते चुरगळलेलं तिकीट म्हणजे रेनचेक. मंगळागौरीला न जाणाऱ्या भाचीचं "हं" म्हणजे रेनचेक नव्हे.

अमेरिकेत सगळं आलबेल होतं असंही नाही. २००८ च्या वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना फिलाडेल्फियात चालू होता. यजमान फिलीज मालिकेत टँपा बेच्या संघापेक्षा ३-१ नं पुढे आणि त्या सामन्यातही २-१ नं पुढे. पाच इनिंग झालेल्या, पाऊस धो धो. नियमाला धरून सामना तिथेच थांबवला असता तर विजेतेपद पावसात ठरलं असतं. सहाव्या इनिंगच्या पहिल्या अर्ध्यात टँपा बेनं ओल्या मैदानावर बरोबरी साधली आणि मगच खेळ थांबला. २७ ऑक्टोबरला थांबलेला सामना २९ ला पुढे चालू होऊन संपला. अंतिम स्पर्धेतला सामना असा तहकूब होण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षीपासून प्लेऑफचे सामने पूर्णच खेळायचे असा नियम झाला. अट चुकीची ठरली तर अट बदलायची. अट लिहिलेली असली की हे जमतं.

मैदानावरून हा तुकडा किराणा दुकानात गेला. जाहिरातीत स्वस्त म्हणून छापलेली वस्तू फळीवर नसली की ग्राहक सेवेच्या खिडकीवर रेनचेक मागायचा. त्यावर वस्तूचं नाव, आकारमान, जाहिरातीतला भाव, किती नग, आणि किती दिवसांत न्यायचं ते लिहून देतात. माल आला की भाव वाढलेला असला तरी जुन्याच भावात मिळतो. फेडरल ट्रेड कमिशननं १९७१ मध्ये किराणा दुकानांसाठी नियम केला होता की जाहिरातीतला माल दुकानात असलाच पाहिजे. १९८९ मध्ये त्यात दुरुस्ती करून रेनचेक दिला तरी चालेल अशी मुभा आली. थोडक्यात, सरकारनं मान्य केलेली परतफेड. फसायची जागा एकच, नगांची मर्यादा न लिहून घेणं. पुढच्या आठवड्यात दुसरा कारकून असतो आणि तो चार डबे मागणाऱ्याला एकच देतो. गोल्फच्या मैदानावरही अठरापैकी किती खड्डे खेळून झाले त्या हिशेबात उरलेल्याचा रेनचेक मिळतो.

मग आमंत्रणाला तो कसा चिकटला? विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकी बोलण्यात तो आला आणि अर्थ अगदी मुळाला धरून होता: आत्ता जमत नाही, पण तुमचं आमंत्रण मोडीत काढू नका, माझ्या नावे जमा ठेवा. यात नम्रपणा कमी आणि हक्क जास्त आहे. म्हणून तो कुठेही चालत नाही. जो बेत पुन्हा होऊ शकतो त्यालाच रेनचेक. जेवण, कॉफी, पत्त्यांचा डाव, शनिवारची रपेट, ठीक. लग्न, बारसं, मुंज, कुणाच्या घरी भेटायला जायचं दुःखाचं निमित्त, इथे तो शब्द काढलात तर इथला माणूसही चमकतो, कारण त्या सामन्याची दुसरी तारीख नसते. मंगळागौरीला रेनचेक चुकीचा आहे तो इंग्रजी म्हणून नव्हे. पुढच्या मंगळवारी तीच मंगळागौर पुन्हा होणार नसते म्हणून.

दुसरी गोष्ट, तुकडा ज्याच्या खिशात, खिडकीवर जायचं काम त्याचं. रेनचेक घेणाऱ्यानं आठ-पंधरा दिवसांत स्वतःहून दिवस सुचवायचा असतो. यजमानानं पुन्हा विचारावं म्हणून वाट बघत बसलात तर त्यानं तुमचं नाव खोडलेलं असतं. इथल्यांपैकीही पुष्कळजण खिडकीवर कधी जात नाहीत. पण ती त्यांची बेपर्वाई झाली, शब्दाचा दोष नाही.

पहिल्या पक्षाच्या शुद्धतेच्या मुद्द्याला तर फारशी भीक घालू नये. हेच लोक राजकारणाच्या बातम्यांत 'गुगली' वाचून खूश होतात. २०२३ च्या जूनमध्ये शरद पवार देवेंद्र फडणवीसांबद्दल गुगलीच्या भाषेत बोलले तेव्हा महाराष्ट्रात कुणालाही भाषांतर लागलं नाही. त्या गुगलीला घरचा आधारही होता, पवारांचे सासरे सदू शिंदे हे कसोटीत लेगस्पिन टाकत आणि १९५१ साली दिल्लीत त्यांनी इंग्लंडचे एका डावात सहा बळी घेतले होते. 'खो घालणं', 'शड्डू ठोकणं', 'चीतपट', 'शह-काटशह' हे सगळे खेळातूनच आलेले. शह तर मुळात फारसीच. खेळातला शब्द भाषेत शिरतो तो खेळाचे नियम लोकांना माहीत असले की. रेनचेकचे नियम न शिकता नुसता शब्द उचलला, तिथे तरुण मंडळींचं चुकलं. आणि नियम न शिकताच शब्दाला हाकलायला निघाले, तिथे वडील मंडळींचं.

मूळ अट मात्र अजून राहिलीच. रेनचेक मिळतो तो दारात पैसे भरून आत बसलेल्याला, ज्याच्या डोक्यावर पाऊस पडला त्याला. ढग बघून जो घरीच राहिला त्याच्या हातात काही पडत नाही. रोजच्या बोलण्यात ही अट उलटी झाली, न येणाराच तो मागायला लागला. आणि हा उलटा वापर आम्हा परदेशातल्या मराठी मंडळींइतका सराईतपणे कुणी करत नसेल.

इथे चतुर्थी बुधवारी आली तर गणपती शनिवारी बसतो. शाळेचा हॉल मिळेल तेवढ्या वेळात सगळं. अकराला प्रतिष्ठापना, दीडला आरती आणि महाप्रसाद, चारला टबात विसर्जन, पाचच्या आत खुर्च्या रचून, फरशी पुसून किल्ली परत. पाडवा एप्रिलमधल्या सोयीच्या रविवारी. तिथीलाच रेनचेक. पण याबद्दल कुणी नाकं मुरडू नयेत, कारण दिवस, वेळ, हॉल, डब्यात कुणी काय आणायचं, सगळं आधी लिहून ठरतं आणि ठरल्याप्रमाणे पार पडतं. घरच्या मंडळांच्या वेळापत्रकाबद्दल असं छातीठोकपणे बोलता येईल का?

अडचण होते ती मोठ्या रेनचेकांची. जून २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात रान उठलं आणि २९ तारखेला सरकारनं आपले निर्णय मागे घेतले. तेव्हा इकडच्या ग्रुपांवर जी वीरश्री संचारली होती ती बघण्यासारखी होती. ज्यांची मुलं शाळेत स्पॅनिश घेतात आणि आजीशी इंग्रजीतून बोलतात, ते लोक मराठी शाळांच्या रक्षणासाठी शड्डू ठोकत होते. मत असायला हरकत नाही. पण हा सामना आम्ही तिकीट काढून बघत नव्हतो. तुकडा दाखवा म्हटलं असतं तर खिशात काय सापडलं असतं?

आणि इथे सगळं लेखी मिळतं ही बढाई तरी किती खरी? भारतातून आलेल्या हजारो मराठी घरांच्या कपाटात आय-१४० च्या, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेल्या अर्जाच्या, मंजुरीचा कागद आहे. त्यावर नाव आहे, क्रमांक आहे, प्रायॉरिटी डेट म्हणजे रांगेत उभं राहिल्याची तारीख आहे. ग्रीन कार्ड कधी मिळेल ते नाही. एका देशाच्या लोकांना वर्षाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत असा कायदा, त्यामुळे दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडायचं आणि रांग किती सरकली ते बघायचं, कधी कधी ती मागेही जाते. साडेचार इनिंग मोजून लिहिणाऱ्या देशानं इथे आकडाच लिहिलेला नाही.

या कागदाच्या आडोशानं घरी काय सांगितलं जातं ते सगळ्यांना पाठ आहे. ग्रीन कार्ड झालं की बघू. मग मुलीची शाळा संपली की. मग घराचं कर्ज फिटलं की. आई-वडील विचारतात, मामा विचारतो, वाड्यातले शेजारीसुद्धा विचारतात, "मग, कधी येताय परत कायमचे?" आणि आम्ही दर वेळी नवी तारीख न देता नवं कारण देतो. पहिल्या पक्षानं रेनचेकवर जो आरोप केला आहे, गुळमुळीत, गोड, खोटा, तो या उत्तराला तंतोतंत लागू पडतो. फक्त या उत्तरात एकही इंग्रजी शब्द नसतो, सगळं शुद्ध मराठीत चाललेलं असतं, म्हणून ते कुणाला खटकत नाही.

तेव्हा भाचीला "सरळ नाही म्हणायला शीक" असं खडसावणाऱ्या काकांनी एक करावं. पुढच्या वेळी अमेरिकेतल्या पुतण्याला "कधी येताय परत?" विचारताना सरळ उत्तराचाच आग्रह धरावा. आमच्यातल्या बहुतेकांचं उत्तर 'येत नाही' असं आहे, आणि ते काकांनाही केव्हाचं माहीत आहे.